टेबलावरची शकुंतला: वाफेच्या नॅरो गेज गाडीचं मॉडेल घरी कसं उभारायचं

मॉडेल रेल्वेचा नाद लागला की बहुतेक लोक सगळ्यात आधी इंजिन घेतात, तेही मोठं आणि देखणं, मग रूळ घेतात, मग घरात ते मांडायला जागाच नाही हे कळतं आणि सगळं परत खोक्यात जातं. माझं म्हणणं असं की आधी एक खरी लाइन निवडा, तीही लहान, आणि तिच्यावरचं एकच स्टेशन निवडा, इंजिन सगळ्यात शेवटी. मी इथे विदर्भातली शकुंतला घेऊन सांगतोय कारण घरात उभारायला याच्याइतकी सोयीची वाफेची लाइन आपल्याकडे क्वचितच असेल.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, साधारण ११३ किमी, आणि दुसरा अचलपूरला. वऱ्हाडातला कापूस मोठ्या लाइनीपर्यंत आणायला किलिक निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेली ही लाइन, रुळांमधलं अंतर अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन १९२३ पासून थेट एप्रिल १९९४ पर्यंत इथे चाललं, त्यानंतर डिझेल आलं. गाडीबरोबरची मोजकी माणसंच तिकीट फाडायची, सिग्नल बघायची आणि इंजिन जोडायची-सोडायची. एकट्याने चालवायच्या लेआउटला यापेक्षा चांगली लाइन कुठली असणार!

आता मापाचं गणित, हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. जगात सगळ्यात जास्त चालणारं माप एचओ, म्हणजे खऱ्याच्या १:८७, त्याचे रूळ १६.५ मिमीचे. ते युरोप-अमेरिकेच्या स्टँडर्ड गेजला बरोबर बसतात. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्याला १:८७ मध्ये १९ मिमीच्या वर रूळ लागतील, म्हणून एचओच्या रुळांवर आपला डब्ल्यूपी, म्हणजे ब्रॉडगेजचं वाफेचं इंजिन, ठेवला की जाणत्याला तो खालून चेपल्यासारखा दिसतो. पण नॅरो गेजला नशीब आपल्या बाजूने आहे. एन स्केल म्हणजे एचओहून लहान माप, त्याचे रूळ ९ मिमीचे असतात, ९ गुणिले ८७ म्हणजे ७८३, आणि आपल्याला हवेत ७६२. फरक डोळ्याला दिसतसुद्धा नाही! म्हणजे रूळ, चाकं, मोटर हे सगळं एन स्केलचं तयार घ्यायचं आणि वरचं इंजिन, डबे, माणसं, घरं सगळं एचओच्या मापात करायचं. याला एचओई म्हणतात, इंग्लंडमध्ये १:७६ ला हेच रूळ वापरतात तिथे डबल-ओ-नाइन म्हणतात. माथेरानची लाइन दोन फुटी, ६१० मिमी, तिला ९ मिमीचे रूळ थोडे रुंद पडतात, चालवून घेतात लोक पण शकुंतला किंवा बार्शी लाइट जितकी चपखल बसते तितकी ती बसत नाही.

जागा १२० बाय ६० सेंमी पुरते. नॅरो गेजच्या लहान गाड्या २२८ मिमी त्रिज्येच्या वळणावरून आरामात वळतात, म्हणजे पूर्ण गोल ४६ सेंमीत बसतो आणि दोन्ही बाजूंना हाताची बोटं जातील एवढी कड उरते. खाली १२ मिमीचा चांगला प्लायवूड आणि त्याला सागाच्या किंवा पाइनच्या पट्ट्यांची चौकट, आणि प्लाय दोन्ही बाजूंनी व्हार्निश करून घ्या, वरून तर कराच पण खालून नक्की, कारण पावसाळ्यात प्लाय एका बाजूने ओल पितो, वाकतो, आणि मग रुळांचे जोड उघडतात आणि गाडी नेमकी तिथेच घसरते.

रुळांचा आराखडा साधा ठेवा. एक लंबगोल, पुढच्या बाजूला स्टेशन, स्टेशनात दोन सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागा, आणि त्यांच्यामध्ये दुसरी लाइन, आणि एक आंधळी, म्हणजे पुढे बंद असलेली, साइडिंग कापसाच्या जिनिंगकडे जाणारी. खरा डबा ९-१० मीटरचा धरला तर मॉडेलमध्ये तो ११ सेंमीच्या आसपास येतो, तीन डबे आणि इंजिन मिळून ४५ सेंमीपर्यंत गाडी होते, तेव्हा दोन सांध्यांमध्ये निदान ५० सेंमी मोकळी लाइन हवी म्हणजे इंजिन सुटून बाजूने फिरून दुसऱ्या टोकाला लागेल. इंजिन फिरवून घेणं हाच वाफेच्या गाडीचा अर्धा आनंद आहे, नुसती गोल गोल फिरणारी गाडी काही दिवसांत बघवत नाही.

आणि कृपा करून बोगदा टाकू नका. तयार लेआउट बघून सगळे बोगदा टाकतात पण वऱ्हाड सपाट आहे, काळी माती, दूरवर कापूस आणि तुरी, मध्येच बाभळीची रांग. मागचा अर्धा गोल लपवायचाच असेल तर जिनिंगची लांब पत्र्याची शेड आणि तिच्या बाजूला दाट बाभळी लावा, गाडी तिथे मागे जाते, थोडा वेळ दिसत नाही, परत येते. घाट करायचाच असेल तर मग माथेरान करा किंवा बोरघाट करा, पण एका टेबलावर एकच मुलूख असावा.

वायरिंगला लोक घाबरतात, घाबरू नका. साध्या १२ व्होल्ट डीसी कंट्रोलरवर सुरुवात करा, एकच इंजिन एका वेळी चालणार आहे तर डिजिटलची, म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणाऱ्या कंट्रोलची, गरज लगेच नाही. पण दोन गोष्टींत काटकसर नको. एक, वीज नुसत्या एका जागी जोडून सोडू नका, दोन-तीन ठिकाणी रुळाच्या बाहेरच्या बाजूला तार सोल्डर करा, कारण जोडपट्ट्या काळ्या पडल्या की वीज पुढे जात नाही. दुसरं, सांधे घेताना मधला भाग धातूचा आणि विजेचा असलेलेच घ्या. स्वस्त सांध्यात तो प्लास्टिकचा असतो आणि नॅरो गेजचं इंजिन इतकं छोटं असतं की त्याची चाकं नेमकी त्या प्लास्टिकवर येतात आणि हळू चालताना ते जागच्या जागी मरतं. वाफेचं मॉडेल हळू चालवता येत नसेल तर काहीच उपयोग नाही.

हळू म्हणजे किती, तर हिशेब करून बघा. खरी गाडी ताशी २० किमीने चालली तर १:८७ मध्ये ते सेकंदाला ६.४ सेंमी होतात, म्हणजे एक मीटर रूळ कापायला जवळजवळ १६ सेकंद. हातात मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन एकदा एवढ्या वेगाने चालवाच. पहिल्यांदा वाटतं फारच सावकाश आहे, मग डोळ्याला सवय होते, आणि मग जोरात पळणारी मॉडेल गाडी खेळणं वाटायला लागते. आवाजाचंही असंच. दोन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार फुसकारे येतात. चाक ९० सेंमीचं धरलं तर २० किमीला सेकंदाला जवळपास आठ फुसकारे पडतात, स्टेशनातून निघताना मात्र एक-एक सुटा मोजता येतो. एवढ्याशा इंजिनात स्पीकर बसत नाही, तर तो बोर्डाच्या खाली फलाटाच्या जागी लावा. आवाजासाठी डिजिटल डीकोडर, म्हणजे तो हुकूम ओळखणारी चिप, नंतर घेता येईल, सुरुवातीला रेकॉर्ड केलेला आवाज चालतो, फक्त निघतानाचा आणि धावतानाचा वेगळा ठेवा. धुराचं यंत्र मी तरी लावू नका म्हणेन, त्याच्या तेलाचा थर रुळांवर बसतो आणि मग वीज पकडत नाही.

आता इंजिन. झेडडीचं तयार मॉडेल शोधत बसलात तर सुरुवातच होणार नाही. दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे तयार नॅरो गेज इंजिन घेऊन त्याला आपलं करायचं. बाकमन या मॉडेल कंपनीचं बाल्डविन ४-६-० (पुढे चार लहान चाकं, मग सहा मोठी, मागे एकही नाही) टँक इंजिन मला या कामाला आवडतं, ते १:७६ चं आहे पण नॅरो गेजमध्ये इंजिनं लहानमोठी असायचीच त्यामुळे खपून जातं, आणि मूळची ही इंजिनं पहिल्या महायुद्धासाठी बनलेली, त्यातली काही नंतर भारतात येऊन साखर कारखान्यांत चालली, म्हणजे आपल्या मातीशी त्यांचं नातं आहेच. दुसरा रस्ता म्हणजे एन स्केलची धावती चेसिस घ्यायची आणि वरचं अंग फोटोंवरून मापं काढून थ्रीडी प्रिंट करून घ्यायचं. दुसरा रस्ता लांबचा आहे पण जे हाताला लागतं ते जगात दुसऱ्या कुणाकडे नसतं. डबे मात्र घरीच करा, १ मिमीचं प्लास्टिक शीट किंवा चांगला जाड पुठ्ठा, खाली एन स्केलच्या बोगी म्हणजे चाकांचे संच, खिडक्यांना आडवे गज म्हणून बारीक तार.

रंगाबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इंजिन आपलं होतं ते इथे. निव्वळ काळा रंग देऊ नका, तो मॉडेलवर प्लास्टिक दिसतो. काळ्यात थोडा करडा आणि किंचित तपकिरी मिसळा, बफरची पट्टी लाल. तो वाळला की सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या पॉलिश पेपरवर घासून पूड करा, विटकरी, करडी, पांढरी अशी वेगवेगळी. मऊ ब्रशने धुराड्याखालच्या पुढच्या भागाला विटकरी-करडी पूड चोपडा, तिथे उष्णतेने रंग जळतो. मग एकदम बारीक ब्रशने सेफ्टी व्हॉल्व्हपासून बॉयलरच्या कडेने खाली पांढरट ओघळ काढा, बॉयलरच्या पाण्यातला क्षार असा वाळून बसतो, विहिरीच्या जड पाण्यावर चालणाऱ्या इंजिनांवर तर जास्तच. ओघळ वरून खाली बारीक होत गेला पाहिजे. पायऱ्यांच्या मधोमध आणि हाताने धरायच्या दांड्यांवर पेन्सिलचं शिसं बोटाने घासा, तिथे हातपाय लागून लोखंड चकाकतं. शेवटी मॅट व्हार्निशचा लांबून फवारा. कोळशाच्या जागी खरा कोळसा कुटून घाला, प्लास्टिकचा कोळसा उचकटून टाका.

जमिनीसाठी खरी काळी माती वापरा, शक्य असेल तर त्याच लाइनीजवळची आणा. ती कढईत चांगली भाजून घ्या म्हणजे किडे आणि ओल जाईल, मग मलमलच्या कापडातून चाळा. आणि यानंतरची पायरी कुणी सांगत नाही. एक चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या चाळलेल्या मातीतून फिरवा, पिशवीला बाहेरून काळी पूड चिकटेल, ते लोहाचे कण आहेत, आपली माती बसाल्टची त्यामुळे असतातच. ते तसेच राहिले तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ते ओढून घेतं आणि मोटर खराब होते. पूड चिकटायची थांबेपर्यंत फिरवत राहा. मग माती पसरून पाण्याचा बारीक फवारा मारा आणि एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. रात्रभर हात लावू नका. रुळांमध्ये ताजी स्वच्छ खडी नको, मातीत अर्धे बुडालेले स्लीपर आणि काथ्या कातरून केलेलं वाळकं गवत हवं, शकुंतलेचे रूळ असेच गवतात हरवलेले असायचे.

स्टेशनची पाटी पिवळी, त्यावर काळी अक्षरं, वर मराठी, मग हिंदी आणि इंग्रजी. नाव खऱ्या स्टेशनचं घ्या, कारंजा, दारव्हा, किंवा तुमच्या आजोळचं गाव जिथे गाडी कधी गेलीच नाही, तेही चालेल, ती तुमची लाइन आहे. माणसं बाजारात बहुतेक युरोपियनच मिळतात, उभा माणूस १९-२० मिमीचा. त्यांना पातळ टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्यात भिजवून धोतर आणि नऊवारी नेसवता येते, फेट्याला शिवणाचा दोरा गुंडाळा. जिनिंगजवळ बैलगाड्यांची रांग आणि कापसाचे पांढरे ढीग, दवाखान्याच्या कापसाचे. पंढरपूरचा ओढा असेल तर हेच सगळं बार्शी लाइट धरून करा, गेज तेच, १८९७ ची लाइन, आणि आषाढीला टपापर्यंत भरलेली गाडी.

पुण्यात कोथरूडला जोश्यांचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, सुरुवात करण्याआधी एकदा जाऊन या, आणि गाड्यांपेक्षा सिग्नल आणि गाड्यांचा मेळ कसा बसवलाय तिकडे लक्ष द्या.

चालवायला लागलात की एक वेळापत्रक लिहून काढा. सकाळची मिक्स गाडी येते, दोन प्रवासी डबे आणि एक मालडबा, इंजिन सुटतं, पाणी घेतं, मालडबा जिनिंगच्या साइडिंगला लावतं, भरलेला डबा बाहेर काढतं, फिरून दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी परत मूर्तिजापूरकडे. नीट सावकाश केलं तर यात अर्धा तास सहज जातो. घरात पोरं असतील तर त्यांना गार्ड करा, शिट्टी झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

देखभाल फार नाही पण नेमाने हवी. पंख्याखालच्या खोलीत धूळ बसतेच, म्हणून चालवण्याआधी सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रुळांचा वरचा माथा पुसा, पॉलिश पेपरने घासू नका, ओरखड्यांत घाण जास्त साठते. इंजिनाच्या चाकांनाही तेच. तेल सुईच्या टोकावर येईल एवढंच, चाकं फिरवणाऱ्या दांड्यांच्या जोडांना आणि गिअरला, आणि रुळावर सांडलं तर लगेच पुसा. चालवून झालं की लेआउटवर पातळ सुती चादर टाका, प्लास्टिक नको, खाली ओल धरते.