स्मार्ट होमचा प्लॅटफॉर्म निवडताय? कोड लिहिणाऱ्यांनी आधी एवढी तयारी करा

आधी काहीही ऑर्डर करू नका, कितीही सेल असला तरी. वायरमनला बोलवा आणि एकेक स्विचबोर्ड उघडून बघा की आत न्यूट्रल (परतीची वायर) आलाय का, कारण जुन्या बिल्डिंगमधे बऱ्याच बोर्डात फक्त फेजच फिरवलेली असते आणि बहुतेक स्मार्ट रिलेंना (स्विचमागे बसून लाइट चालू-बंद करणारी छोटी उपकरणं) न्यूट्रल लागतोच. गिझर वेगळा लिहून ठेवा. 3 किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टला 13 अँपिअर ओढतो, तिथे 10 अँपिअरची रिले लावायची म्हणजे आगीला आमंत्रण.

मग प्लॅटफॉर्म, म्हणजे घरातली सगळी स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. माझी कसोटी एकच, इंटरनेटची वायर काढायची आणि बघायचं की हॉलचा लाइट ऑटोमेशनने लागतो का. नसेल लागत तर ते घर तुमच्या ताब्यात नाही, कंपनीच्या सर्व्हरच्या ताब्यात आहे. गूगलने 2019 मधे 'वर्क्स विथ नेस्ट' (नेस्टच्या उपकरणांना इतरांची उपकरणं जोडायची सोय) गुंडाळायला घेतलं, सॅमसंगच्या स्मार्टथिंग्जने ग्रूव्ही भाषेतला कोड चालवणं बंद केलं आणि लोकांनी रात्र रात्र बसून लिहिलेले हँडलर (उपकरण जोडणारे छोटे प्रोग्रॅम) परत लिहायला लागले, म्हणून आपल्यासारख्यांनी तरी लोकल (घरच्या नेटवर्कवरच चालणारा) एपीआय असल्याशिवाय हात लावू नये असं मला मनापासून वाटतं.

ओपन सोर्समधे मुख्य दोन, होम असिस्टंट पायथनमधे आणि ओपनहॅब जावामधे. रोजचं काम जावात असेल तर ओपनहॅब जरूर बघा, पण मी होम असिस्टंटच सांगेन, कारण रेस्ट आणि वेबसॉकेट दोन्ही एपीआय आहेत, कॉन्फिग यॅमल फाइलींमधे लिहून गिटमध्ये ठेवता येतं (पासवर्ड मात्र सीक्रेट्स फाइलमधे आणि ती गिटइग्नोरमधे, हे पहिल्या कमिटच्या आधी करा, नंतर नाही), आणि ईएसपीहोम या जोडसॉफ्टवेअरमुळे साध्या ईएसपी32 वर (स्वस्त वायफाय चिप) स्वतःचे सेन्सर करता येतात. घेण्याआधी जुन्या लॅपटॉपवर डॉकरमधे आठवडाभर चालवून बघा. फक्त डॉकरवाल्या इन्स्टॉलमधे ॲड-ऑन मिळत नाहीत, त्यामुळे मॉस्किटो (उपकरणांचे एमक्यूटीटी निरोप पोचवणारा सर्व्हर), झिगबी2एमक्यूटीटी (झिगबी उपकरणं त्याला जोडणारं सॉफ्टवेअर) वगैरेचे कंटेनर स्वतः उभे करायचे.

कायमच्या मशीनला एसएसडी घ्या, रास्पबेरी पायच्या एसडी कार्डवर डेटाबेस सतत लिहीत राहतो आणि कार्ड लवकर दगावतं. झिगबीचा (स्मार्ट उपकरणांचं कमी विजेवर चालणारं वायरलेस नेटवर्क) डोंगल यूएसबी एक्स्टेन्शन वायरवर, मशीनपासून लांब, कारण यूएसबी 3 चा रेडिओ गोंधळ नेमका झिगबीच्या 2.4 गिगाहर्ट्झमधेच घुसतो. वायफाय चॅनल 1 वर असेल तर झिगबी 20 किंवा 25 वर टाका, आणि हे पहिलं डिव्हाइस जोडायच्या आधीच ठरवा, नंतर बदललं तर काही डिव्हाइसेस परत पेअर करत बसावी लागतात.

बाहेरून घर बघायचंय? इंटरनेट प्रोव्हायडर सीजीनॅटच्या मागे ठेवतो का (म्हणजे अनेक ग्राहकांत एकच पब्लिक आयपी वाटतो का) ते विचारा, असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग चालणार नाही, टेलस्केल (व्हीपीएन) लावा. राउटर आणि सर्व्हर दोन्ही यूपीएसवर घ्या, लाइट गेल्यावर एक चालू आणि एक बंद असं नको.

भिंतीवरचा साधा स्विच मात्र अजिबात काढायचा नाही, रिले त्याच्या मागे बसवायची, म्हणजे आजीला पूर्वीसारखंच खटका दाबून लाइट लावता येतो. आणि बॅकअपची एन्क्रिप्शन की सर्व्हरच्या बाहेर कुठेतरी ठेवून, दुसऱ्या मशीनवर एकदा तरी रिस्टोर करून बघा.