वाळवंटावरून फुगा चालवण्यासाठी: आधी वारा, मग बर्नर

गरम हवेच्या फुग्याला सुकाणू नसते. वैमानिक त्याला केवळ वर-खाली नेऊ शकतो आणि दिशा बदलायची असल्यास हव्या त्या दिशेने वाहणारा वाऱ्याचा थर शोधून फुगा त्या उंचीवर नेऊन ठेवतो. म्हणून इजिप्तमधील लक्सरच्या पश्चिम तीरावर, राजांच्या दरीजवळच्या डोंगरांवरून फुगा चालवण्याची इच्छा असलेल्या ठाणेकराने प्रथम वारा वाचायला शिकावे.

हा अभ्यास घराजवळ होतो. हिवाळ्यात पहाटे येऊरच्या पायथ्याशी, उपवन तलावाच्या काठावर उभे राहून एखाद्या शेकोटीचा धूर पाहावा. तो काही अंतर सरळ चढतो आणि मग एका पातळीवर आडवा पसरतो, कारण तिथे रात्रभर थंड झालेला खालचा थर संपून वरची उबदार हवा सुरू झालेली असते. खाडीकाठी सकाळचा मतलई वारा ओसरून खारा वारा कधी सुरू होतो, याची नोंद काही आठवडे ठेवली, तर वाऱ्याला वेळापत्रक असते हे अंगवळणी पडते. प्रत्यक्ष उड्डाणाचा विचार मात्र इथे करू नये. दोन विमानतळांची वाहतूक आणि उच्चदाबाच्या वाहिन्या त्याला वाव ठेवत नाहीत.

उड्डाण शिकायचे ते मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडेच. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार परवान्यासाठी वयाची किमान १६ वर्षे, १६ तासांचे उड्डाण आणि ८ उड्डाणे आवश्यक असून त्यांतले एक एकट्याने करावे लागते. भारतातील नियमन नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आहे.

वाळवंटात पहाटेच उडायचे, याला दोन कारणे आहेत. पहिले वजनाचे. समुद्रसपाटीजवळ बाहेर २० अंश सेल्सिअस असताना १०० अंशांपर्यंत तापवलेली एक घनमीटर हवा सुमारे २५० ग्रॅम भार उचलते, तर बाहेर ३५ अंश असल्यास सुमारे २०० ग्रॅमच. म्हणजे ३,००० घनमीटरच्या फुग्याची क्षमता ७५० किलोंवरून ६०० किलोंवर येते आणि त्यातच कापड, टोपली व सिलिंडर यांचेही वजन धरायचे असते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. लक्सरचे पश्चिमेकडील कडे पूर्वाभिमुख असल्याने सूर्याची पहिली किरणे त्यांच्यावर पडतात. तो खडक तापू लागला की तिथून उष्ण हवेचे झोत उठतात आणि फुगा वैमानिकाच्या हाती राहत नाही. कड्यांजवळचे उड्डाण सर्वांत आधी आटोपावे, असे माझे ठाम मत आहे.

उड्डाणापूर्वी हेलियमचा छोटा फुगा सोडून तो कोणत्या उंचीवर कुठे वळतो ते पाहावे. उत्तर गोलार्धात वर जाताना वारा बहुधा उजवीकडे वळतो आणि खाली येताना डावीकडे, हे लक्षात ठेवले तर उतरण्याची जागा आधीच आखता येते. ती जागा प्राचीन अवशेषांपासून दूर असावी. हजारो वर्षे टिकलेल्या भिंतीवर टोपली घासणे अक्षम्य आहे.

बर्नरची ज्योत दिल्यावर परिणाम काही सेकंदांनी जाणवतो. फुगा खाली जाऊ लागल्यावर घाबरून लांब ज्योत दिल्यास तो पुढे नको तितका चढतो, त्यामुळे छोट्या ज्योती देत आधीच अंदाज बांधावा.

उतरताना सर्वाधिक शिस्त हवी. लक्सरलाच २६ फेब्रुवारी २०१३ रोजी उतरण्याच्या वेळी फुग्याला आग लागून १९ जणांचा मृत्यू झाला होता. प्रत्येक उड्डाणापूर्वी प्रोपेनच्या नळ्या व जोड तपासावेत. वेगाने उतरावे लागणार असल्यास जमिनीला टेकण्यापूर्वी सिलिंडरच्या झडपा बंद कराव्यात, नळ्यांतला उरलेला वायू जाळून टाकून मग ज्योत विझवावी आणि प्रवाशांना गुडघे किंचित वाकवून आतील दोर घट्ट धरायला सांगावे. टोपली टेकताच वरची झडप पूर्ण उघडून गरम हवा बाहेर सोडावी. फुगा पुरेसा रिकामा होईपर्यंत कोणालाही बाहेर पडू देऊ नये, कारण एक माणूस उतरला तरी भार कमी होऊन फुगा उरलेल्यांना घेऊन पुन्हा वर उचलला जाऊ शकतो.