पारधी वस्तीवरची गृहभेट: नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी

कम्युनिटी पोस्टिंगला, म्हणजे वस्त्यांवरच्या सरावाला, बहुतेक जणी रजिस्टर उघडूनच पालाशी पोचतात. "नाव काय? माणसं किती? नवरा कुठंय?" भेट इथंच फसते. पारध्यांसारख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात सेटलमेंट, म्हणजे कोंडवाड्यासारखी वसाहत, होती आणि कुंपणाच्या आत माणसांची हजेरी घेतली जायची. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला रद्द झाला, पण नावं लिहून घेणाऱ्या माणसाची धास्ती गेलेली नाही. कुठं चोरी झाली की संशय अजूनही आधी पालावर येतो.

म्हणून पहिल्या भेटीत वही पिशवीतच राहू द्या. आशाताई किंवा उपकेंद्राच्या सिस्टरसोबत जा, आधी वस्तीतल्या एखाद्या जाणत्या म्हातारीशी बोला आणि बाळाच्या वजनापासून सुरुवात करा. पुरुषांची चौकशी नकोच. पारधी बोली गुजरातीला जवळची आहे. बाई मराठीत "हां" म्हणाली म्हणजे तिला सगळं कळलं असं धरू नका. सांगितलेलं तिच्याच तोंडून परत ऐका. दिवसा माणसं कामावर असतात, त्यामुळे सकाळी ८च्या आत पोचा.

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन बघताना सगळ्यात जास्त चुका होतात. अनामिकेच्या टोकाला मधोमध न टोचता जरा कडेला टोचा. त्याआधी स्पिरिट पूर्ण वाळू द्या. पहिला थेंब कापसानं पुसून दुसरा घ्या. बोट जोरानं पिळलं तर रक्तात पेशींच्या आजूबाजूचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो. हात गार असेल तर आधी चोळून घ्या. हिमोग्लोबिन मोजायच्या स्ट्रिपची डबी उन्हात किंवा उघडी ठेवू नका. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्तक्षय. ७च्या खाली असेल तर गोळ्या देऊन परत फिरू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

लोहाची लाल गोळी गरोदरपणात रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. गोळ्या देताना शी काळी होईल हे आधीच सांगा. ते सांगितलं नाही तर बाई घाबरते आणि पाकीट कोपऱ्यात पडून राहतं. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यायला सांगा. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर कधीच नको. फळं खा, दूध प्या हा सल्ला पालावर फुकट जातो. भाकरीसोबत मोडाची मटकी आणि वर लिंबू पिळायला सांगा, ते जमण्यासारखं आहे. पुढच्या भेटीला "घेतल्या का?" असं विचारू नका, उरलेल्या गोळ्या मोजा.

६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांचा दंडघेर डाव्या हातावर घ्या. कोपर वाकवून खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांचा मध्य काढा, मग हात सैल सोडून पट्टी लावा. पट्टी कातडीला टेकावी, रुतू नये. ११.५ सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण. दोन्ही पायांवर सूज असेल तर आकडा कितीही असो, मूल तीव्र कुपोषितच धरा.

लस राहिलेली मुलं इथं हमखास भेटतात. "आता उशीर झाला" म्हणून त्यांना परत पाठवू नका: बीसीजी (क्षयाची लस) आणि पेंटाचा (पाच रोगांवरची एकत्र लस) पहिला डोस वर्षाच्या आत देता येतो, गोवर-रुबेला ५ वर्षांपर्यंत. डोस चुकला असेल तर तिथूनच पुढे चालू करायचं, पहिल्यापासून नाही. लस देण्याचं काम सिस्टरचंच. तुम्ही राहिलेल्यांची यादी तिच्या हातात द्या.

कुटुंबं ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला निघण्याआधी माता बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाईकडेच द्या आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवायला सांगा. कार्ड कॉलेजच्या फाइलला जोडून ठेवणं ही मोठी चूक आहे, कारण दुसऱ्या गावच्या सिस्टरला मग काहीच कळत नाही.

लसीसाठी किंवा तपासणीसाठी आधार किंवा जातीचा दाखला लागत नाही, हे बाईला स्पष्ट सांगा. दवाखान्यात पाठवायची वेळ आली तर नुसती चिठ्ठी देऊ नका. पारधी बाईला खिडकीवरून हाकललं जातं तेव्हा ती पुन्हा येत नाही. सोबत जा, आणि केसपेपर निघून डॉक्टरांनी तपासेपर्यंत तिच्याजवळ थांबा.