फिजिकल केमिस्ट्रीत पीएचडी करायचीय? आधी अ‍ॅब्सॉर्बन्स मोजा

फिजिकल घेतलेल्या बहुतेकांना पहिल्या दिवसापासून धास्ती असते ती गणिताची. ती निम्मी अनाठायी आहे. डिफरन्शियल इक्वेशन, मॅट्रिक्स, थोडी प्रोबॅबिलिटी, हे रोज नेटाने बसलं की येतं. करिअर अडतं दुसऱ्याच ठिकाणी: आपण मोजलेला आकडा नेमका कशाचा आहे हे न कळण्यात. ऑरगॅनिकवाल्यांना एनएमआर निदान तोंडावर सांगतो की रेणू बनलेला नाही. आपलं उपकरण नाही म्हणत नाही. ते आकडा देतंच, आणि त्या आकड्यांतून सरळ रेषही निघते. खाली जे लिहिलंय त्यातला मोठा भाग याच एका गोष्टीबद्दल आहे.

परीक्षांचं आधी उरकून घेऊ, कारण ती माहिती सगळीकडे मिळते. सीएसआयआर-नेट ही फेलोशिप आणि प्राध्यापकीच्या पात्रतेची राष्ट्रीय परीक्षा. तिच्या केमिकल सायन्सेसमध्ये १२० पैकी ७५ प्रश्न सोडवायचे असतात. पार्ट सी मध्ये ६० पैकी फक्त २५, प्रत्येकी ४ गुण, आणि चुकलं की १ गुण जातो. म्हणजे क्वांटम, स्टॅटिस्टिकल थर्मो, कायनेटिक्स, इलेक्ट्रोकेमिस्ट्री आणि स्पेक्ट्रोस्कोपी पक्कं असलेल्याला पार्ट सी चा बराच भाग आपल्याच विषयातून भरता येतो. उरलेल्यासाठी इनऑरगॅनिकमधलं ग्रुप थिअरी आणि मॅग्नेटिझम घ्या, ते आपल्या हातचं असतं. क्लास लावावा का? शिस्त लागत नसेल तर लावा. पण क्लासच्या शॉर्टकट फॉर्म्युल्यांवर नेट निघते, इंटरव्ह्यू निघत नाही. तिथे फळ्यावर डेरिव्हेशन मांडायला सांगतात, आणि मग मध्येच विचारतात की हे गृहीतक कुठे मोडेल. २९८ केल्व्हिनला आरटी (वायू स्थिरांक गुणिले तापमान) म्हणजे २.४८ किलोज्यूल प्रति मोल, तेच सुमारे २०७ वेव्हनंबर, तेच २५.७ मिलिव्होल्ट. एवढं जिभेवर असेल तर अर्ध्या प्रश्नांना उत्तराचा अंदाज आधीच येतो.

नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफची (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) २ वर्षं आणि एसआरएफची (सीनियर) ३, मिळून ५. जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. यातली फट नीट बघा: फेलोशिप पाचव्या वर्षी थांबते आणि थीसिस बरेचदा सहाव्यात जातो. त्या वर्षाच्या पैशांचं काय, हे गाइडला रुजू होण्याआधी विचारा. हा प्रश्न विचारलेला ज्यांना आवडत नाही, त्यांच्याकडे जाऊ नका.

पुण्यात राहणाऱ्यांना एक सोय आयती आहे. गणेशखिंडीला विद्यापीठाचा केमिस्ट्री विभाग, तिथून जवळच पाषाण रस्त्याला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था). मोलेक्युलर इलेक्ट्रोस्टॅटिक पोटेन्शियलवरचं श्रीधर गद्रे यांचं काम याच विद्यापीठात उभं राहिलं. आयसरमध्ये परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे. त्यामुळे स्पेक्ट्रोस्कोपी, इलेक्ट्रोकेमिस्ट्री की थिअरी, हे पुस्तकं वाचून ठरवण्याऐवजी माणसांना भेटून ठरवता येतं. भेटायला जाताना सीव्ही नेऊ नका, त्यांच्या पेपरमधल्या एका आकृतीबद्दलचा प्रश्न न्या.

गाइड निवडण्याची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे शोधगंगा, भारतातल्या पीएचडी थीसिसचा ऑनलाइन संग्रह. त्या ग्रुपचे दोन थीसिस उतरवून घ्या, एक जुना, एक ताजा. निष्कर्ष नंतर वाचा; आधी एक्स्पेरिमेंटलचं प्रकरण आणि ऋणनिर्देश वाचा. फ्लुरोसन्स लाइफटाइमची (रेणू किती काळ चमकतो याची) मोजमापं कुठे झाली? दरवेळी दुसऱ्या संस्थेचे आभार मानलेले दिसले, तर उपकरण स्वतःच्या लॅबमध्ये नाही आणि तुमचं वर्षभराचं काम कुणाच्या तरी स्लॉटवर अवलंबून राहणार आहे. दोन्ही थीसिसमध्ये प्रोटीन तेच, पद्धत तीच, फक्त रेणू बदललेला? मग तिसरा थीसिस तुमचा, चौथा रेणू घेऊन. मोठ्या नावाचं आकर्षण असतं हे मान्य, पण उपकरणाशेजारी उभं राहून बेसलाइन दाखवणारा गाइड नवख्याला दहापट उपयोगी पडतो. मोठ्या ग्रुपात हे काम सीनियर करतात. तिथे चांगला सीनियर आहे का तेवढं बघा.

आता सुरुवातीला म्हटलेला सापळा: आकडा मिळतो, पण कशाचा ते कळत नाही. पहिल्याच वर्षी हमखास समोर येणारा विषय: एखादं औषध किंवा डाय घ्या, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घ्या, फ्लुरोसन्स क्वेंचिंग करा, म्हणजे औषधाने प्रोटीनची चमक किती घटते ते मोजा, ती घट औषधाच्या प्रमाणासमोर मांडून स्टर्न–व्होल्मर प्लॉट काढा, तीन तापमानांना तेच करा, शेवटी डॉकिंगचं (कॉम्प्युटरवर औषध प्रोटीनमध्ये बसवून पाहण्याचं) एक रंगीत चित्र जोडा. सहा महिन्यांत पेपर. सगळे करतात, उपकरण साधं लागतं, रेष सुंदर येते. आणि त्या रेषेत औषध-प्रोटीन बांधणीचा लवलेशही नसू शकतो.

आकड्यांत बघू. क्युव्हेटमध्ये २.५ मिलिलिटर, २ मायक्रोमोलर बीएसए. एक्सायटेशन, म्हणजे आत सोडलेला प्रकाश, २९५ नॅनोमीटर; त्यामुळे प्रोटीनमधलं टायरोसिन बाजूला राहून ट्रिप्टोफॅनच चमकेल. ती चमक, म्हणजे एमिशन, ३४० ला मोजायची. औषधाचा १ मिलिमोलर स्टॉक, दर वेळी ५ मायक्रोलिटर, असं दहा वेळा. शेवटी औषध झालं साधारण २० मायक्रोमोलर. आता धरा की या औषधाचा मोलर अ‍ॅब्सॉर्प्टिव्हिटीचा (प्रकाश किती जोरात शोषतं याचा) आकडा २९५ ला १०,००० आणि ३४० ला ४,००० आहे. अ‍ॅरोमॅटिक औषधांसाठी यात विशेष काही नाही. म्हणजे एक्सायटेशनला औषधाचा अ‍ॅब्सॉर्बन्स ०.२०, एमिशनला ०.०८. फ्लुरिमीटर क्युव्हेटच्या मधोमध बघतो. तिथे पोचेपर्यंत येणारा प्रकाश औषधाने थोडा खाल्लेला असतो, आणि बाहेर पडणारा प्रकाशही थोडा खाल्ला जातो. दोन्हींची बेरीज ०.२८, तिची निम्मी ०.१४, आणि दहाचा ०.१४ वा घात म्हणजे १.३८. सिग्नल २७ टक्क्यांहून जास्त पडला, आणि औषध प्रोटीनला शिवलेलंही नाही. यालाच इनर फिल्टर इफेक्ट म्हणतात. नाव सगळ्यांना पाठ असतं.

पुढे काय होतं ते बघा. एफ-शून्य भागिले एफ (औषधाआधीचा सिग्नल भागिले नंतरचा) हे १.३८ आलं, म्हणून स्टर्न–व्होल्मर स्थिरांक ०.३८ भागिले २० मायक्रोमोलर, म्हणजे १९,००० प्रति मोलर. हा आकडा छापील पेपरांत ‘मध्यम बांधणी’ म्हणून येणाऱ्या आकड्यांच्या बरोबर मधला. त्याला सुमारे ५ नॅनोसेकंदांच्या लाइफटाइमने भागलं की क्वेंचिंगचा वेग येतो ३.८ गुणिले दहाचा बारावा घात. डिफ्यूजनची मर्यादा दहाच्या दहाव्या घाताच्या आसपास. मग लिहिलं जातं: वेग डिफ्यूजनच्या मर्यादेपलीकडे आहे, म्हणून क्वेंचिंग स्टॅटिक (धडकेने होणारं डायनॅमिक नव्हे), म्हणून कॉम्प्लेक्स बनतो. लाइफटाइम मोजला आणि तो बदलला नाही, तर ‘स्टॅटिक’वर आणखी शिक्कामोर्तब. पण इनर फिल्टरमुळेही लाइफटाइम बदलत नाहीच! दोन्ही पुरावे जसेच्या तसे लागू पडतात आणि दोन्ही काहीच सिद्ध करत नाहीत. रेष जरा वर वळली तर ‘स्टॅटिक आणि डायनॅमिक दोन्ही’ असं स्पष्टीकरण तयार असतं. ती वळण्याचं खरं कारण बरेचदा तो घातच असतो.

हे टाळायचं कसं? औषधाच्या प्रत्येक भरीनंतर (दर वेळी घातलेल्या थेंबानंतर) त्याच क्युव्हेटचा अ‍ॅब्सॉर्बन्स एक्सायटेशन आणि एमिशन अशा दोन्ही वेव्हलेंग्थना घ्या. औषध घालण्यापूर्वीच्या तुलनेत तो जेवढा वाढला, त्या दोन्ही वाढींच्या बेरजेची निम्मी घ्या आणि दहाच्या तेवढ्या घाताने रीडिंग गुणून दुरुस्त करा. बेरीज ०.३ च्या पुढे गेली की या दुरुस्तीवर भार टाकू नका, ३ मिलिमीटरची क्युव्हेट घ्या किंवा औषध कमी शोषतं अशी वेव्हलेंग्थ शोधा. आणि एक कंट्रोल कधीच चुकवू नका: प्रोटीनच्या जागी एन-अ‍ॅसिटिल ट्रिप्टोफॅनमाइड, तेवढ्याच अ‍ॅब्सॉर्बन्सचं, त्यात तेच औषध त्याच भरींनी. त्याला बांधणीचा खिसा नाही. तरीही सिग्नल बीएसएइतकाच पडला, तर तुम्ही औषधाचा अ‍ॅब्सॉर्बन्स मोजत होतात. दुपारभराचं काम आहे, आणि त्यावर पुढची दोन वर्षं अवलंबून असतात.

बारीकसारीक गोष्टीही तिथेच आहेत. ५० मायक्रोलिटर घातलं म्हणजे २ टक्के डायल्यूशन, ते धरा. स्टॉक डीएमएसओ या सॉल्व्हंटमधला असेल तर नुसत्या डीएमएसओची सीरिज वेगळी घ्या. २९५ ने पाण्याचा रामन पीक (पाण्याने विखुरलेल्या प्रकाशाचा) साधारण ३२८ नॅनोमीटरला येतो, थेट ट्रिप्टोफॅनच्या खांद्यावर. प्रोटीन कमी असताना तो वजा केला नाही तर सिग्नल कमी होताना पीक ‘ब्लू शिफ्ट’ झाल्यासारखा, म्हणजे कमी वेव्हलेंग्थकडे सरकल्यासारखा दिसतो. दोन स्कॅनच्या मध्ये शटर बंद ठेवा.

तीन तापमानांचं प्रकरणही असंच. २९८, ३०४ आणि ३१० केल्व्हिन, १२ अंशांचा पट्टा. दोन टोकांच्या स्थिरांकांच्या गुणोत्तरात १० टक्के चूक असली, तर व्हॅन्ट हॉफच्या समीकरणाने (तापमानाबरोबर स्थिरांक कसा बदलतो यावरून) काढलेल्या एन्थाल्पीत सुमारे ६.४ किलोज्यूलची चूक येते आणि एन्ट्रॉपीत २१ ज्यूल प्रति केल्व्हिनची. ‘हायड्रोफोबिक की हायड्रोजन बाँड’ हा निवाडा मग चिन्हावर केला जातो, आणि चिन्ह त्या चुकीतच उलटू शकतं. शिवाय दोन्ही चुका एकाच दिशेने सरकतात, म्हणून दहा औषधांचा एन्थाल्पी-एन्ट्रॉपी आलेख सुरेख सरळ येतो. खरी एन्थाल्पी हवी असेल तर आयसोथर्मल टायट्रेशन कॅलरीमीटरवर वेळ मागा.

ज्यांचा डेटा आधीच घेऊन झालाय, त्यांनी घाबरू नये. कॉन्सन्ट्रेशन वहीत आहेत ना? त्याच कॉन्सन्ट्रेशनची द्रावणं आज बनवून अ‍ॅब्सॉर्बन्स घेता येतो आणि जुनी रीडिंगं दुरुस्त करता येतात. दुरुस्तीनंतर स्थिरांक कमी झाला पण उरला, तर तो आता खरा तुमचा आहे. काहीच उरलं नाही तर विषय बदला, आणि तो तिसऱ्या वर्षाआधी बदला. परीक्षक किंवा पोस्टडॉकचा मुलाखतकार ‘इनर फिल्टरचं काय केलंत?’ हे विचारतोच. त्या वेळी दुरुस्त केलेला तक्ता समोर ठेवणाऱ्याची पुढची अर्धी मुलाखत सोपी होते.

थिअरीवाल्यांनी सुटलो म्हणू नये. बेसिस सेट (ऑर्बिटल मांडायची गणिती फंक्शन्स) वाढवल्यावर उत्तर किती हलतं, फंक्शनल (डीएफटी गणनेतलं अंदाजी सूत्र) बदलल्यावर किती, सिम्युलेशनचे दोन अर्धे वेगळे काढले तर सरासरी जुळते का, हा तुमचा कंट्रोल. फक्त एका फंक्शनलने काढलेला आकडा दाखवू नका.

पोस्टडॉकबद्दल थोडक्यात. युरोपातल्या मारी क्युरी फेलोशिपला अट असते: अर्जाच्या शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावे. गडबडीत मिळेल त्या पोस्टडॉकवर जाऊन मग त्याच देशात अर्ज करू म्हणणाऱ्यांची वाट इथे बंद होते. पीएचडीचं चौथं वर्ष संपायच्या आत पत्रं लिहायला लागा. आणि दुसऱ्या लॅबमध्ये नवं तंत्र शिका. तेच तंत्र, फक्त थंड हवेत, याने सीव्हीत काही वाढत नाही.

परत आल्यावरची स्थिती मात्र स्पष्ट सांगायला हवी. जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरला नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) ही किमान पात्रता, पीएचडी सक्तीची नाही. महाराष्ट्र-गोव्याची सेट पुणे विद्यापीठच घेतं, ती एम.एस्सी. होताच देऊन टाका. पगार लेव्हल १०, मूळ वेतन ५७,७०० पासून. पण अनुदानित जागा निघायला शासनाची मान्यता आणि बिंदुनामावलीची (आरक्षणाच्या जागांच्या यादीची) तपासणी लागते, आणि तोवर बरेच जण सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस) शिकवतात. सीएचबीत तासाचे पैसे. सुट्टीत तासच नसतात. सीएचबी घ्यायचं तर मुदत मनाशी ठरवून घ्या आणि त्या काळात एक तरी मोजमाप चालू ठेवा.

कॉलेजात लेसर नसतो, पण फिजिकल केमिस्ट्री लेसरवर थांबत नाही. १९५० साली सुरू झालेल्या एनसीएलचे पहिले संचालक मॅकबेन हे साबणाच्या द्रावणांचे अभ्यासक होते, आणि सरफॅक्टंटवर (साबणासारख्या पदार्थांवर) आजही एका कंडक्टोमीटरवर छापण्याजोगं काम होतं. २० मिलिलिटर पाणी, ०.१ मोलर एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट), ०.२ मिलिलिटरच्या भरी, वीस वेळा. २५ अंशांना कंडक्टिव्हिटीच्या आलेखाचा चढ साधारण ८.२ मिलिमोलरपाशी बदलायला हवा; हीच सीएमसी, म्हणजे जिथून रेणू एकत्र येऊन मिसेल बनवतात ते कॉन्सन्ट्रेशन. कंडक्टिव्हिटी दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी बदलते, म्हणून वॉटर बाथ ०.१ अंशात राहिला पाहिजे. उन्हाळ्यात दुपारी बाथ खोलीच्या तापमानाखाली धरून ठेवणं अवघड जातं, तेव्हा ही रीडिंगं सकाळी घ्या. त्याच एसडीएसचा सरफेस टेन्शनचा आलेख काढून सीएमसीपाशी खड्डा दिसतो का तेही बघा. दिसला तर त्यात डोडेकॅनॉल आहे; इथेनॉलमधून पुन्हा क्रिस्टलाइज करा, आणि स्टॉक दर वेळी ताजा बनवा, कारण एसडीएस पाण्यात पडून राहिलं की हायड्रोलाइज होऊन तेच डोडेकॅनॉल परत येतं.