आरएस-४८५ साठी आयसोलेशन चिप कशी निवडावी

रबाळे किंवा वागळे इस्टेटमधील कारखान्यात पीएलसी (यंत्रे चालवणारा कंट्रोलर) एका पॅनेलमध्ये आणि व्हीएफडी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा ड्राइव्ह) शेडच्या दुसऱ्या टोकाला असतो, तेव्हा दोन्हीकडच्या अर्थिंगमधील व्होल्टेजचा फरक थेट आरएस-४८५ च्या, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या डेटा केबलच्या, तारांवर येतो. म्हणून तेथे आयसोलेशन, म्हणजे दोन बाजूंमध्ये थेट विद्युत जोडणी न ठेवता सिग्नल पोहोचवणे, आवश्यकच समजावे.

प्रथम वेग पाहावा. ९६०० बॉडच्या (सेकंदाला ९६०० बिट) मॉडबससाठी (या तारांवरून उपकरणे ज्या पद्धतीने बोलतात तो प्रोटोकॉल) पीसी८१७ सारखा स्वस्त ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पोहोचवणारी चिप) योग्य रेझिस्टर निवडल्यास चालतो, पण १ एमबीपीएससाठी (सेकंदाला दहा लाख बिट) ६एन१३७ हा वेगवान ऑप्टोकपलर किंवा डिजिटल आयसोलेटर (हेच काम प्रकाशाशिवाय करणारी चिप) घ्यावा.

सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे इनपुट बाजूचा पुरवठा गेल्यावर आउटपुट कोणत्या स्थितीत जाते. यूएआरटीची (कंट्रोलरच्या सिरियल पोर्टची) रिकामी लाइन हाय असते, त्यामुळे टीएक्स (पाठवणे) आणि आरएक्ससाठी (घेणे) हाय डिफॉल्टचा, म्हणजे पुरवठा गेल्यावर आउटपुट हाय ठेवणारा, आयएसओ७७२१ हा डिजिटल आयसोलेटर योग्य ठरतो; परंतु ड्रायव्हर एनेबलची लाइन (तारांवर डेटा पाठवणारा भाग चालू करणारी) हाय राहिली, तर कंट्रोलर बंद असतानाही तो एक नोड (तारांना जोडलेले उपकरण) संपूर्ण बस, म्हणजे सर्वांच्या सामाईक तारा, अडवून धरतो. त्या लाइनसाठी लो डिफॉल्टची आयएसओ७७१०एफ घ्यावी.

डेटाशीटवरील २५०० किंवा ५००० व्होल्टचा आकडा एका मिनिटाच्या चाचणीचा असतो; सततचे वर्किंग व्होल्टेज वेगळे तपासावे. आपल्याकडची पावसाळी दमट हवा आणि धूळ पाहता मी रुंद पॅकेजच पसंत करतो आणि चिपखालून तांब्याचा एकही ट्रॅक नेत नाही. बसच्या बाजूला आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर द्यावा, कारण दोन्ही ग्राउंड जोडले गेले, तर चिप असून नसल्यासारखी होते.