माकडहाडाला मार लागल्यावर या चुका टाळा

पावसाळ्यात अंगणात आणि पायऱ्यांवर शेवाळ धरले, की घसरून थेट बुडावर आपटलेले रुग्ण फिजिओथेरपीसाठी येऊ लागतात, आणि येण्याआधी बहुतेकांनी त्याच त्या चुका करून झालेल्या असतात.

सर्वांत चिवट चूक म्हणजे मधोमध भोक असलेली गोल उशी. माकडहाड बैठकीच्या मध्यभागी नसून मागच्या टोकाशी असते, त्यामुळे अशा उशीची मागची कड पुष्कळदा नेमकी त्याच्याखाली येते. कॅशियरचे काम करणाऱ्या एक बाई ही उशी बरोबर घेऊनच आल्या होत्या. दिवसभर तीवर बसायच्या आणि दुखते म्हणून मागे रेलायच्या, म्हणजे सगळा भार पुन्हा माकडहाडावरच. मी उशी बाजूला ठेवली, दोन टॉवेलांच्या घट्ट घड्या मांड्यांखाली सरकवून मागे मोकळी जागा सोडली आणि त्यांना किंचित पुढे झुकून बसायला सांगितले. केसपेपरची सगळी माहिती त्यांनी तशा बसूनच सांगितली. उशी विकत घ्यायचीच असेल, तर मागच्या बाजूला खाच असलेली पाचरीच्या आकाराची घ्यावी. खुर्चीवरून उठतानाही आधी कमरेतून पुढे वाकावे.

याच बाईंना त्याआधी कोणीतरी गरम तेलाने रगडून 'हाड बसवून' दिले होते. ताज्या माराला पहिले दोन दिवस शेक आणि मालीश दोन्ही वर्ज्य. रुमालात गुंडाळलेला बर्फ दर वेळी पंधरा मिनिटे पुरतो. एका बैठकीत बरे करून देतो म्हणणाऱ्यांविषयी माझे मत चांगले नाही. साधा मुका मार काही आठवडे दुखतो आणि हाड मोडले असेल तर 8 ते 12 आठवडे लागतात. इथे प्लास्टर घालता येत नाही, त्यामुळे एक्स-रे काढून घेतला तरी थांबणे चुकत नाही. ज्यांना ते जमत नाही, ते व्हिडिओ पाहून व्यायाम सुरू करतात आणि दुखणे वाढवून परत येतात.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण कुंथताना याच भागावर ताण येतो. गतिरोधकांवरून दुचाकी तूर्त नको. पायऱ्यांवरचे शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासावे आणि झिजलेल्या सपाता फेकून द्याव्यात.

लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, अथवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पडल्याचे आठवत नसताना तिथे गाठ येऊन पू वाहत असेल, तर तो बहुधा पायलोनायडल सायनस, म्हणजे त्वचेखाली तयार झालेला नाडीव्रण, असतो आणि त्यासाठी सर्जनकडे जावे लागते.