पळस फुलला की पक्षी बघायला निघता? या चुका टाळा

मागच्या मार्चात नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर एका पक्ष्याला मी चांगली दहा मिनिटं शिकरा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, समजून बसलो होतो. राखाडी पाठ, छातीवर तांबूस झाक, शेपटीवर पट्टे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'शिकरा, अगदी जवळून' असं टाकूनही झालं. तेवढ्यात साहेबांनी तोंड उघडलं, 'पेरते व्हा, पेरते व्हा!' सोबतचे काका म्हणाले, "काय राजेहो, तुमचा शिकरा तर पेरणी सांगून राहिला!"

साहेब निघाले पावशा, कोकिळेच्या कुळातले. पावशा आणि शिकरा ही गल्लत नवख्यांची तर होतेच, जुन्यांचीही होते. लहान पक्षीसुद्धा पावशाला शिकरा समजून ओरडत सुटतात, मग आपलं काय. रंगाच्या नादी लागू नका, चोच बघा. शिकऱ्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी खाली वळलेली. पावशाची सरळ, निमुळती, वर डोळ्याभोवती पिवळं कडं. आणि पावशा बोलला म्हणजे पाऊस आला, हेही डोक्यातून काढा. ऊन तापायला लागलं की त्याचा गळा सुटतो, कधी कधी भर रात्रीसुद्धा.

फेब्रुवारी-मार्चात गोंधळ जास्त होतो, कारण काही पक्षी तेव्हा कपडे बदलत असतात. शिंजीर घ्या, फुलांतला मध पिणारा इवलासा पक्षी. विणीच्या दिवसांत नर चकचकीत जांभळा-काळा असतो, पण त्याआधी तोच नर पिवळ्या पोटाचा आणि गळ्यापासून खाली काळी उभी पट्टी असलेला दिसतो, अंगावर शाई सांडल्यासारखा. मधल्या काळात अर्धा असा, अर्धा तसा. मादीला ही पट्टी नसते. एका झाडावर हे तीन अवतार दिसले म्हणून वहीत तीन जाती लिहू नका. कोकिळेचंही तेच. कुहूकुहू करणारा तो लाल डोळ्यांचा काळाकुट्ट नर. ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी फक्त किकिकिक करते. गाणं त्याचं आणि कौतुक तिचं, हा अन्याय आपल्या कवितांनी फार वर्षं चालवलाय.

फुललेल्या काटेसावरीवर किंवा पळसावर मैनांचा थवा उतरला की सगळ्यांनाच 'भोरडी' म्हणून मोकळे होऊ नका. त्यात भांगपाडी मैना हमखास असते. काळा रंग डोक्यावरच थांबला तर भांगपाडी. गळ्या-छातीवर उतरला, पंखांतही शिरला आणि मधलं अंग गुलाबी असेल तर भोरडी. या भोरड्या एप्रिलच्या सुमारास मध्य आशियाकडे परतायला लागतात, म्हणून हीच वेळ. बरेच जण सकाळभर गाडीवर गोरेवाडा-फुटाळा-अंबाझरी अशी वारी करतात. त्यापेक्षा एक फुललेली सावर गाठा आणि तिच्याखाली अर्धा तास उभे राहा. बुलबुल, कोतवाल, हळद्या, शिंजीर तुमच्याकडे स्वतःहून येतील.

तांबट पक्ष्याचा 'टुक्-टुक्-टुक्' मात्र भल्याभल्यांना गोल फिरवतो. आवाज पिंपळावरून येतोय म्हणून तिकडे गेलं की तो मागच्या वडावरून येतो. पक्षी एकाच फांदीवर असतो. तो बोलता बोलता डोकं इकडेतिकडे वळवतो, म्हणून आवाजाची दिशा बदलल्यासारखी वाटते. आवाजामागे धावू नका, निष्पर्ण शेंडे एकेक करून तपासा. दिसला की नीट बघा: चोच बंदच असते, गळा तेवढा प्रत्येक ठोक्याला फुगतो.

दुर्बिणीच्या तक्रारीही ठरलेल्या. दोन-दोन गोल दिसतात? मधला सांधा डोळ्यांतल्या अंतराइतका जुळवा. चष्मा आहे? डोळ्याकडची रबरं दुमडा. पक्षी सापडतच नाही? नजर पक्ष्यावरून हलवू नका, दुर्बीण तशीच डोळ्यांशी आणा. 8 बाय 42 ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंग 42 मिलिमीटरची) पुरते. 10 बाय 50 घेतली तर हात थरथरतो आणि मान भरून येते.

अंबाझरीला संध्याकाळी धरणावर उभं राहून 'सगळी बदकं काळीच दिसतात' म्हणणारे दरवर्षी भेटतात. धरण तलावाच्या पूर्वेला आहे. सकाळी तिथे सूर्य पाठीशी असतो, संध्याकाळी थेट डोळ्यांत. मार्च सरत आला की थापटे, तलवार बदकं बरीचशी गेलेली असतात, त्यामुळे उशीर नको. आणि काळ्या अंगाची, पांढऱ्या कपाळाची ती बदकं नव्हेत, वारकरी आहेत; पाणकोंबडीच्या नात्यातले.

फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही पक्षीगणना असते, त्यात ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना नुसता एक्स (पक्षी दिसला, पण मोजला नाही) लिहू नका, अंदाजे का होईना आकडा द्या. कावळा, पारवा, साळुंकी 'काय लिहायचं' म्हणून गाळू नका. गाळलं तर यादी 'पूर्ण', म्हणजे ओळखलेले सगळे पक्षी लिहिलेली, म्हणून नोंदवू नका. मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपनं आवाजावरून नाव सुचवलं तरी पक्षी डोळ्यांनी बघा. कोतवाल शिकऱ्याचा आवाज इतका हुबेहूब काढतो की मर्लिनही चकू शकतं.

एका बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकून घेत नाही. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं आणि घरट्यापाशी फोटोसाठी तळ ठोकणं, दोन्ही बंद. जुन्या आंब्याच्या ढोलीतून पिंगळ्याची जोडी मान खालीवर करत टकामका बघायला लागली, म्हणजे तुम्ही जास्त जवळ गेलात. तिथून दहा-बारा पावलं मागे या आणि झाडाआड उभे राहा. थोड्या वेळात ते पुन्हा डोळे मिटून पेंगायला लागतात, फोटो तेव्हा घ्या.